अठराव्या आकड्याला

"बाजूला व्हा गं बायांनो. आणि कुणी शिंकू नका, कापूस उडेल," असं म्हणून इमामभाईंनी वेताच्या काठीच्या टोकाला बांधलेली मेणबत्ती पेटवली.

मिक्सिंग खात्यातल्या अठराही बायका भिंतीला जाऊन टेकल्या. जमिनीवर ओली पोती अंथरलेली, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. इमामभाई दाराच्या बरोब्बर मधोमध, उंबऱ्यावर उभे राहिले आणि काठी डोक्यावर उंच धरली. मी चार पावलांवर उभा होतो. ऑक्टोबरचा उकाडा, पण माझ्या पाठीवरून घामाचा ओहोळ निघाला होता तो उकाड्यानं नव्हे.

आधीच सांगून ठेवतो, माझ्या, म्हणजे सिद्राम कोरे मुकादमाच्या, नावावर थापा पुष्कळ आहेत. विहिरीत पडलेला बैल मी शेपटीला धरून एकट्यानं वर काढला, ही त्यातली सगळ्यात लहान. या गोष्टीतही मी एक थाप मारली आहे. पण ती तुम्हांला नाही मारलेली. कुणाला, ते कळेलच.

तर, आमच्या नांदणवाडीच्या सूतगिरणीत कापसाचं गोदाम आणि मिक्सिंग खातं यांच्या मध्ये आठ फूट उंचीचं दार होतं. त्या दारावर लोखंडी पट्ट्यांचं आगीचं शटर, वरच्या पेटीत गुंडाळून ठेवलेलं. पलीकडं गोदामात तीन हजार गाठी. अलीकडं या अठरा बायका गाठी फोडून कापूस मोकळा करत बसायच्या. शटर साखळीनं वर तोललेलं असायचं आणि साखळीच्या मधोमध रुपयाएवढ्या दोन पितळी चकत्या, एकमेकींना डाक देऊन चिकटवलेल्या. आम्ही तिला टिकली म्हणायचो. ती डाक अशी नाजूक की नुसत्या आचेनं वितळावी. गोदामात आग लागली की टिकली सुटणार, साखळी मोकळी होणार आणि माणसाचा हात न लागता शटर खाली येऊन दोन तास आग पलीकडंच थोपवून धरणार.

ते शटर बसवलं होतं इमाम शिकलगारांनी. दरवर्षी नवरात्राच्या पाचव्या माळेला ते मिरजेहून सायकल मारत यायचे आणि टिकली खरोखरच वितळवायचे. शिवाय शटर खाली येताना स्वतः त्याच्याखाली उभे राहायचे, गोदामाकडं पाठ करून, मोठ्यानं आकडे मोजत. शटरच्या पोटात वेग आवरणारं एक चाक होतं. त्याच्या जोरावर ते साठ आकड्यांत जमिनीला टेकायचं, आणि अठराव्या आकड्याला उभ्या माणसाच्या टोपीला. इमामभाई "अठरा" म्हणायचे आणि एक पाऊल पुढं टाकायचे. टोपीची वरची शिवण शटरला घासली की नाही, असा वाद बायकांमध्ये पुढचे आठ दिवस चालायचा. शटर टेकेपर्यंत ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. टेकलं की म्हणायचे, "चहा सांगा."

"नुसतं बघून सही केली तर चालत न्हाई का?" मी एकदा विचारलं होतं.

"चालतं की," ते म्हणाले. "लंगोट बघून कुस्ती जिंकली म्हणत असतील त्या गावात चालतं."

त्या वर्षी ते पाचव्याऐवजी तिसऱ्याच माळेला आले. आणि त्या दिवशी चेअरमन आदगोंडा मगदूमही कमरेवर हात ठेवून समोर उभे होते.

वर 'टक्' असा आवाज झाला. टिकली सुटून पोत्यावर पडली. साखळी सळसळली. इमामभाईंनी मेणबत्ती खाली घेऊन फुंकली आणि मोजायला सुरुवात केली. "एक... दोन... तीन..."

शटर चार बोटं खाली आलं, कण्हल्यासारखं वाजलं आणि थांबलं.

"चार... पाच..."

इमामभाईंनी पुढचा आकडा गिळला. मान वर केली. अठरा बायका, एक चेअरमन आणि मी, सगळ्यांच्या माना त्यांच्यामागोमाग वर गेल्या. पहिली बोलली ती रत्नाक्का ऐनापुरे. ती मिक्सिंगची मुकादमीण. तिची जीभ चालू झाली की यंत्रं बंद ठेवली तरी सूत निघायचं.

"काय वो इमामभाई, आज लाजलं व्हय तुमचं शटर?"

बायका हसल्या. इमामभाई हसले नाहीत.

चेअरमन मात्र खुलले. "पडलं नाही ना? मग झालं! विमावाले विचारतील तर सांगता येईल, बिघडलं होतं म्हणून काढलं. कोरे, उद्या भंगारवाल्याला बोलवा. इथं साधं सागवानी दार बसवू."

"साहेब," इमामभाई म्हणाले, "सागवान जळतं."

"आणि तुमचं लोखंड अडकतं. जळणारं दार निदान उघडतं-मिटतं तरी."

"मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या. पाचला नाही पडलं तर मी स्वतः खोलून भंगारवाल्याच्या गाडीत चढवतो. आणि पुन्हा कुठल्या गिरणीचं शटर तपासायला हातात मेणबत्ती धरणार नाही."

"मेणबत्तीचं तुमचं तुम्ही बघा," चेअरमन म्हणाले. "पाच म्हणजे पाच. कोरे, यांच्या हाताखाली राहा."

सगळ्या गिरणीत साडेचारशे माणसं. त्यांतून नेमका मीच.

चेअरमनना ते शटर नको का झालं होतं, हे सांगायला हवं. आदल्या वर्षीची खंडेनवमी. त्या दिवशी गिरणीत प्रत्येक खातं आपापल्या यंत्राला धुऊन-पुसून झेंडू बांधतं, चेअरमन खात्याखात्यात जाऊन आरती करतात. आता मिक्सिंगच्या बायकांकडं यंत्र कुठलं? त्यांनी शटरची चौकट सजवली. ऑइलपेंट लावला, झेंडूची तोरणं बांधली, हळदीकुंकवाची बोटं ओढली. चेअरमन नैवेद्याचं ताट समोर ठेवून आरतीला उभे राहिले. रत्नाक्कानं तबकात कापूर घातला तो मोजून नव्हे, मायेनं. चेअरमन सहा फुटी माणूस, आणि आरती डोक्याच्या वर नेऊन ओवाळायची त्यांची पद्धत. चौथ्या फेऱ्याला वर 'टक्' झालं.

शटर आपल्या संथ चालीनं खाली निघालं. अलीकडं आमदार, फोटोवाला, बँडवाले. चेअरमननी घाबरून उडी मारली ती नेमकी पुढं, गोदामात. त्यांना ओढायला मी गेलो, तो मीही आतच राहिलो. शटर वर ओढायची साखळी अलीकडच्या बाजूला, तिला कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात, पलीकडं! फटीतून किल्ली सरकवायची तर शटर असं चोख टेकलेलं की पोस्टकार्ड जाईना. गोदामाच्या मागच्या दाराचं कुलूप फोडून आम्हांला बाहेर काढेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ चेअरमन विझलेलं तबक हातात धरून गाठीवर बसून होते. महिन्याभरानं ते साखर कारखान्याच्या निवडणुकीत पडले. तेव्हापासून त्यांच्या लेखी ते शटर म्हणजे साक्षात अपशकुन. निकालाच्या रात्री त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "कोऱ्या, आरतीत ते पुन्हा खाली आलं, तर तू गिरणीच्या बाहेर."

चेअरमन निघून गेल्यावर इमामभाईंनी साखळी ओढून शटर परत चार बोटं वर घेतलं, नवी टिकली अडकवली आणि शिडीवर चढून पेटी उघडली. मी खाली शिडी धरून.

"इमामभाई, चाकच अडकलं असंल," मी सुचवलं.

त्यांनी चाक बोटानं फिरवलं. ते घरघरलं. "नाही."

"मग साखळीला गंज."

"तुम्हीच तेल घालता ना महिन्याला?"

"म्हंजे... व्हय."

"मग गंज कसा?"

मी म्हटलं, आता या माणसाला बोलण्यात गुंतवावं. "आमच्या आज्याच्या वाड्यात अशीच एक लोखंडी झडप होती, इमामभाई. कृष्णामाईला पूर यायच्या आदल्या दिवशी आपोआप बंद व्हायची. एकदा पुरात मगर आली आणि झडपेवर डोकं आपटून बेशुद्ध पडली. आज्यानं तिला सुंठेचा काढा पाजला, तेव्हा कुठं—"

"मगरीनं काढा पिला?"

"साखर घालून."

"मग बरोबर आहे," इमामभाई गंभीरपणे म्हणाले आणि पिशवीतून लाकडाची एक छोटी मोगरी काढली.

ती मोगरी त्यांच्या वडिलांची. इमामभाईंचं घर मिरजेतलं तंबोरे करणाऱ्यांचं. चुलते, भाऊ, सगळे भोपळा आणि तारांत. इमामभाईंचा कान त्या सगळ्यांत तिखट, आणि त्या कानापायीच ते घराबाहेर पडले. झालं असं, की बाहेरगावचा एक मोठा गवई तंबोरा घ्यायला आला. वाजवून बघितला, डोलला. वडील कागदात बांधायला लागले तर सतरा वर्षांचा इमाम म्हणाला, "हा देऊ नका. भोपळ्यात चीर आहे, पुढच्या उन्हाळ्यात बोलायला लागेल." चीर कुणाला दिसेना. गवई उठून गेला. वडील म्हणाले, "अशा कानाला आपलं दुकान पुरायचं नाही, बेटा. तू लोखंडात जा." पुढच्या उन्हाळ्यात तो तंबोरा भिंतीवरच्या खुंटीला असताना आपोआप उकलला. ही माझी थाप नाही. मिरजेत विचारा.

शटर ज्या दोन उभ्या खोबणींतून खाली येतं, त्यांतल्या डावीवर इमामभाईंनी मोगरी हलकेच मारत कान लावला. टण्. टण्. टण्. वरून खालपर्यंत एकच सूर.

"ही गाते," ते म्हणाले.

शिडी उजवीकडं लावली. टण्. टण्. मग तीन बोटं खाली, ठप्. पुन्हा मोगरी मारली. ठप्. आणखी खाली, टण्.

इमामभाई थांबले. त्यांनी त्या जागेवर कान असा टेकवला, जसा वैद्य लेकराच्या छातीला टेकवतो. डोळे मिटले. मग तर्जनी खोबणीच्या आत घालून हिरव्या ऑइलपेंटवरून फिरवली. बोट एका जागी थबकलं.

ते खाली माझ्याकडं बघत होते. किती वेळ ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही थाप म्हणाल.

"कोरे," ते म्हणाले, "तुमच्या मंडळी इथंच काम करतात ना?"

"व्हय. कलावती."

"कुठं बसतात?"

मी बोट दाखवलं. कलावती तिसऱ्या ढिगापाशी तोंडाला पदर बांधून कापूस उपसत होती. आम्ही तिच्याकडं बघतोय हे बघून तिनं भुवई उडवली. काय म्हणून.

इमामभाई शिडीवरून उतरले. उंबऱ्यापासून चालत निघाले ते पावलं मोजत कलावतीच्या ढिगापर्यंत. "अकरा," ते म्हणाले. तिथून खात्याच्या मागच्या दारापर्यंत. "अडतीस." परत आले, हात पोत्याला पुसले.

"कलाबाईंना पळायला अडतीस पावलं. आगीला यायला अकरा. आणि कापसाची आग, कोरे, पावलं मोजत येत नाही."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, की मान हलवली नाही. पिशवीतून एक पक्कड काढली, शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "माझी अस्रची नमाज राहिली आहे. मागं हौदावर जाऊन येतो. वीस मिनिटं लागतील. बायकांनाही चहाची सुट्टी द्या. मी येईपर्यंत शिडी सांभाळा."

आणि गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता सांगून टाकतो. खिळा मी मारला होता.

सहा इंची. चेअरमननी दम दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी. खोबणीला बोल्टाचं एक रिकामं भोक होतं, त्यातून आडवा ठोकला, डोकं कानशीनं घासलं आणि बायकांच्या उरलेल्या हिरव्या रंगाचा हात दिला. नवमीला आरती निर्विघ्न पार पडावी आणि माझी मुकादमी टिकावी, एवढाच विचार. इमामभाई पाचव्या माळेला येतात, तर चौथीला काढू, ते गेले की परत ठोकू, असा हिशेब. ते तिसऱ्याला आले. पण खरं सांगू का, बाकीच्या तीनशे दिवसांचा हिशेब मी केलाच नव्हता. तीनशे दिवस कलावती त्या ढिगापाशी अकरा पावलांवर बसली होती आणि रोज दुपारी त्याच शटरखालून मला भाकरी आणून देत होती.

बायका चहाला गेल्या. मी शिडीवर चढलो. एरवी मी एका हातानं गाठ उचलणारा, म्हणजे तसं सांगणारा, माणूस. त्या दिवशी पक्कड तीनदा हातातून निसटली. खिळा निघाला तो रंगाचा पापुद्रा घेऊन. मी तो कोपरीच्या खिशात टाकला. तो एवढा जड लागला की आपण एका बाजूला कललोय असं मला वाटायला लागलं.

इमामभाई बरोब्बर वीस मिनिटांनी आले. हात-पाय धुतलेले, टोपी नीट. पक्कड उचलून पिशवीत टाकली. मोगरी घेतली, शिडीवर चढले. टण्. टण्. टण्. टण्.

"आता गाते," ते म्हणाले. बस्स.

पाचला पाच कमी असताना चेअरमन आले. भंगारवालाही सोबत, काटा घेऊनच. रत्नाक्कानं बायकांना परत भिंतीला उभं केलं. ओली पोती, बादल्या. इमामभाई उंबऱ्यावर उभे राहिले, गोदामाकडं पाठ. मेणबत्ती वर गेली.

टक्.

साखळी सळसळली, शटर निघालं. पट्टीमागून पट्टी, एकसारखं, जसं चांगल्या घरचं माणूस जिना उतरतं.

"एक... दोन..."

बायका त्यांच्याबरोबर मोजायला लागल्या. दहाला सगळ्या गिरणीनं ऐकावं एवढा आवाज झाला. पंधरा. सोळा. इमामभाईंची नजर समोर, माझ्यावर. सतरा. मला वाटलं, खोबणीत माझा आणखी एखादा खिळा तर नाही? किंवा मी काढताना काही वाकलं तर नाही?

"अठरा," इमामभाई म्हणाले आणि एक पाऊल पुढं आले. टोपीची शिवण घासली. मी बघितलं.

साठाव्या आकड्याला शटर जमिनीला टेकलं. भंगारवाल्यानं काटा खांद्यावर टाकला आणि तो कुणाला न विचारता निघून गेला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण चेअरमनचा चेहरा काळवंडला. "म्हणजे हे चालू आहे. म्हणजे नवमीला माझ्या आरतीत हे परत पडणार!" ते माझ्याकडं वळले. "कोरे, याचा काही तरी बंदोबस्त कर. पाचर मार, तार बांध, काय वाटेल ते कर. नाहीतर—"

नाहीतर काय, ते मला माहीत होतं. इमामभाईंना नव्हतं, पण त्यांनी त्या क्षणी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं उमगलं. खिळा कुणी मारला हे त्यांना आधी कळलं होतं. का मारला, ते आत्ता कळलं. तरी ते बोलले नाहीत. कलावती भिंतीपाशी उभी होती, तोंडावरचा पदर खाली ओढून, माझ्याकडं बघत.

मी आयुष्यभर फुकट थापा मारल्या. म्हटलं, एक तरी कामाला लावू.

"साहेब," मी म्हटलं, "नैवेद्य दाखवल्यावर पुजारी काय करतो?"

"काय करतो?"

"गाभाऱ्याला पडदा ओढतो. देव जेवायला बसले की पडदा. पडदा ओढला न्हाई तर देव जेवला न्हाई, म्हंजे नैवेद्य पोचला न्हाई. गेल्या नवमीला तुम्ही नैवेद्याचं ताट ठेवलं, आरती केली, आणि हात न लावता आपोआप आडपडदा झाला. उभ्या जन्मात मी असं कुठं ऐकलं न्हाई. आमच्या आज्यानं सांगितलं होतं, शंभर वर्षांमागं एकदा असं झालं, तर त्या पाटलाच्या सात पिढ्या—"

"पण मी निवडणुकीत पडलो!"

"कारखान्याच्या, साहेब. त्याच कारखान्याच्या संचालकांची आता चौकशी लागलीय. कोण वाचलं?"

मी हलक्या आवाजात म्हटलं, "आणि सगळे बाहेर राहिले. आमदारसुद्धा. पडद्याच्या आत, देवाच्या पंगतीला, तुम्ही एकटे."

"तूही होतास."

"वाढप्याला कोण मोजतंय, साहेब?"

रत्नाक्कानं तोंडात पदराचा बोळा कोंबला. चेअरमननी मिशीवरून बोट फिरवलं. त्यांना ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण माझी कीर्ती त्यांना ठाऊक. ते इमामभाईंकडं वळले. "शिकलगार, तुम्ही खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणतात. हा सांगतो ते खरं आहे का?"

इमामभाई खोटं बोलणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी बापाचं गिऱ्हाईक घालवलं होतं; माझी मुकादमी ती काय!

इमामभाईंनी शटरवर तळहात ठेवला. "गाभाऱ्याचं मला कळत नाही, साहेब. मी लोखंडातला माणूस. पण एक सांगतो. हे शटर ज्या दिवशी खाली येतं, त्या दिवशी ते अलीकडच्या माणसांचं भलंच करतं. पडण्यात त्याचा काही दोष नाही. ते पडलं नाही, तर मात्र भ्यावं."

चेअरमननी शटरवर बोटानं टकटक केलं. मग म्हणाले, "असं आहे तर आपोआप कशाला? नवमीला मी स्वतःच पाडतो. मुहूर्तावर! शिकलगार, तुम्ही त्या दिवशी या. फोटोवाल्याला अलीकडं उभा करू."

"येतो," इमामभाई म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "चहा सांगा."

चहा पिताना आम्ही दोघंच हौदापाशी बसलो होतो. ग्लास खाली ठेवून त्यांनी हात पुढं केला. मी खिशातून खिळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो ग्लासच्या काठावर हलकेच वाजवला, ऐकला.

"लोखंड चांगलं आहे," ते म्हणाले, आणि परत दिला. "घरी न्या. भिंतीत मारा. भिंतीत मारलेल्या खिळ्याचा कुणाला त्रास होत नाही."

"साहेबांना का सांगितलं न्हाईत?"

"त्यांनी शटर का अडकलं, हे विचारलंच नाही. पडतं का, एवढंच विचारलं." सायकलीला पिशवी अडकवता अडकवता ते थांबले. "मगरीनं खरंच काढा पिला होता?"

"न्हाई."

"तेच म्हटलं. साखर घालून कोण पितं?"

त्या नवमीपासून आमच्या गिरणीत रीत पडली. चेअरमन कापराचं तबक वर धरणार, टिकली सुटणार, बँड वाजणार, शटर खाली येणार आणि बायका साठपर्यंत मोजणार. चेअरमन बदलले, रीत बदलली नाही. विमा कंपनीचा साहेब एकदा बघायला आला तो डोळे विस्फारून गेला; म्हणे, एवढ्या गिरण्या पाहिल्या, पण शटरची चाचणी चुकवली तर पाप लागतं असं समजणारी हीच. बावीस वर्षं ते शटर दर नवमीला पडलं. आग एकदाही लागली नाही. लागली असती तर गोष्टीला रंग चढला असता, पण मी काय करू?

शेवटच्या वर्षी इमामभाई सायकलीवर नाही, नातवाच्या मोटारसायकलीवर मागं बसून आले. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. मी "सलाम" म्हटलं तर त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. मला कळलं. तो कान गेला होता. डावा, उजवा, दोन्ही.

त्यांनी मोगरी माझ्या हातात दिली. मी उजवी खोबण वरून खालपर्यंत ठोकली. ते खालून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी मान डोलावली. गाते. त्यांनी माझा शब्द धरला. माझा! मगरीला काढा पाजणाऱ्याचा.

तबक वर गेलं, टिकली सुटली. इमामभाई नेहमीसारखे उंबऱ्यावर, गोदामाकडं पाठ करून उभे. बँड वाजायला लागला, बायका ओरडून मोजायला लागल्या. त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुम्ही समोर उभे राहा. अठरा झाले की माझ्या खांद्यावर हात ठेवा. मी पाऊल टाकीन."

"आणि माझा हात चुकला तर?"

ते नुसते हसले होते.

मी समोर उभा राहिलो. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, शटर टोपीकडं येत होतं, आणि मी जन्मात पहिल्यांदा कुठलाही आकडा न फुगवता मोजत होतो. चौदा. पंधरा. सोळा. सतरा—

मला धीर धरवला नाही. मी हात ठेवला.

इमामभाईंनी पाऊल टाकलं, डोळे उघडले, टोपी चाचपली. शिवण घासली नव्हती. शटर त्यांच्या पाठीमागं शांतपणे खाली उतरत राहिलं.

"एक खाल्लात, कोरे," ते म्हणाले. "चहा सांगा."